बेसमेंट राहतं करताना: आधी ओल, मग भिंती

न्यू जर्सीत घर घेतलं की वर्षभरात कुणीतरी विचारतंच, "बेसमेंट फिनिश केलंत का?" आपल्या लोकांना खाली जागा हवी असते ती उगाच नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. गणपतीत साठ-सत्तर माणसं जेवायला असतात. मंडळाच्या नाटकाच्या तालमी कुणाच्या तरी घरी कराव्याच लागतात. आणि पायाखालची आठशे-हजार चौरस फूट जागा तांदळाच्या गोण्या आणि रिकाम्या बॅगांनी अडलेली असते.

आमच्या घरी हे काम दोनदा झालं. पहिल्यांदा एका कंत्राटदाराने सहा आठवड्यांत करून दिलं. दुसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून केलं, त्याला चौदा महिने लागले. मधल्या चार वर्षांत खाली एक कुबट वास असायचा. बेसमेंट म्हटलं की असा वास येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. एका ऑगस्टमध्ये कोपऱ्यातला ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचा जिप्समचा तक्ता, कापून पाहिला. मागच्या गुलाबी फायबरग्लासला (थंडी अडवण्यासाठी भरलेल्या लोकरीसारख्या थराला) हात लावला तर तो ओल्या फडक्यासारखा जड लागला. खालच्या लाकडी पट्टीवर काळी बुरशी होती आणि काँक्रीटवर पांढरा लोणा फुटला होता. समोरून भिंत अगदी कोरी दिसत होती.

त्या कोपऱ्यात बाहेरून पाण्याचा एक थेंबही आत येत नव्हता. उन्हाळ्यातली दमट हवा फायबरग्लासमधून आरपार जाऊन थंड काँक्रीटला भिडत होती आणि तिथे तिचं पाणी होत होतं. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून दव धरतं, तसंच. भिंतीच्या थरांचा क्रम चुकला होता आणि चार वर्षं ती आतून कुजत होती. म्हणून या लेखात रंग, सोफा आणि दिवे शेवटी येतात, आणि ओलीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

पहिलं वर्ष नुसतं बघण्याचं

घर नवीन घेतलं असेल तर एक पूर्ण वर्ष बेसमेंटला हात लावू नका. मार्चमधलं बर्फ वितळणं, जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातलं एखादं वादळ, हे सगळं एकदा डोळ्यांखालून जाऊ द्या. मोठा पाऊस झाला की विजेरी घेऊन खाली जा. कुठे ओल दिसली तर तिच्या कडेने खडूने रेघ मारा आणि तारीख घाला. पुढच्या पावसात ती रेघ ओलांडली गेली का, ते कळतं. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो सांधा खास बघा, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच येतं.

प्लॅस्टिकची चाचणी सोपी आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. एक तुकडा भिंतीवरही लावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती काँक्रीटमधून, म्हणजे मातीतून येते आहे. वरच्या बाजूला दिसली तर ती खोलीतल्या हवेची आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही चाचणी टाळू नका. सोबत दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आणून ठेवा. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला पोषक हवा आहे, असं समजा. आमच्याकडे हे मापक यायच्या आधी पापडांनी ते सांगितलं होतं. खाली ठेवलेला उडदाच्या पापडांचा डबा दर जुलैत सरदायचा.

इथे आपली एक सवय आड येते. कुबट वाटलं की खिडक्या उघडायच्या, हवा खेळती ठेवायची, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. न्यू जर्सीच्या जुलैत ते उलटं पडतं. बाहेर ८६ अंश फॅरनहाइट आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं तो, ७० अंशांच्या आसपास असतो. जमिनीखालची भिंत त्या वेळी साठ-पासष्ट अंशांवर असते. खिडकी उघडली की ती सगळी वाफ भिंतीवर उतरते. उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवा, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा आणि त्याची नळी थेट मोरीत किंवा सम्पमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात, सोडा, म्हणजे भांडं रिकामं करायचं राहून गेलं असं होत नाही. आर्द्रता ५०च्या खाली ठेवायची.

पाणी बाहेरच वळवा

बेसमेंट ओलं दिसलं की लोक आतून वॉटरप्रूफ रंग लावतात. मातीतलं पाणी मागून रेटत असेल तर तो रंग एक-दोन वर्षांत फुगून सुटतो. आधी छपराकडे बघा. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ६२३ गॅलन, म्हणजे जवळजवळ २,३५० लिटर पाणी होतं. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री 'आयडा' वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पाडला. त्या हिशेबाने हजार फुटांच्या छपरावरून तासाभरात ७,४०० लिटर पाणी उतरतं. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरचा पाऊण भाग! पन्हळी पानांनी तुंबलेल्या असतील तर हे सगळं पाणी पायाला लागूनच पडतं.

म्हणून पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा. डाउनस्पाउटला, म्हणजे पन्हळीतून खाली येणाऱ्या नळीला, जोडनळी लावून पाणी पायापासून निदान सहा फूट लांब सोडा. घराभोवतीची माती बाहेरच्या बाजूला उतरती हवी: पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार. माती वर्षानुवर्षं पायापाशी खचते आणि पाणी घराकडे वळतं. दोन शनिवार घमेली टाकून हा उतार पुन्हा करता येतो. आमची पूर्वेकडची भिंत एवढ्यानेच कोरडी झाली.

भेगांमध्ये फरक करा. ओतीव काँक्रीटच्या भिंतीतली उभी, केसाएवढी भेग बहुतेक वेळा काँक्रीट आकसल्याची असते. ती इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन भरून बंद करतात. ठोकळ्यांच्या भिंतीत आडवी भेग असेल, भिंत आत फुगलेली वाटत असेल, तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मातीचा दाब भिंतीला ढकलतो आहे आणि फ्रेमिंगने, म्हणजे पुढे लाकडी सांगाडा उभा करून, ते फक्त झाकलं जाईल.

सम्पमधलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप असेल तर त्याला बॅटरीचा जोड-पंप लावाच. वीज जाते ती नेमकी वादळात. २०१२च्या सँडी वादळात कित्येक घरांत पाणी आलं ते चांगला पंप विजेअभावी बंद पडल्यामुळे. पंपाचं पाणी घराबाहेर, उताराच्या दिशेला सोडा. ते सांडपाण्याच्या नळीला जोडायला बहुतेक टाऊनशिप (गावाची पालिका) मनाई करतात.

आणि विमा उघडून वाचा. नेहमीच्या घर-विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं. पंप बंद पडून किंवा गटार उलटं येऊन झालेल्या नुकसानीसाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. सरकारी पूर-विमा घेतला तरी बेसमेंटमधल्या फिनिश केलेल्या भिंती, जमीन आणि फर्निचर त्यात बसत नाहीत. खाली किती महागडं सामान लावायचं, हे या एका गोष्टीवरून ठरवा.

मी सांगलीकडचा. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल खणलेली. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. २००५मध्ये कृष्णेचं पाणी चढलं आणि पेवांमध्ये शिरलं. जमिनीखाली काहीही ठेवायचं म्हटलं की ती हळद माझ्या डोळ्यांसमोर येते.

रेडॉन

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, कारण रेडॉनला रंग नाही, वास नाही. मातीतल्या आणि खडकातल्या युरेनियमच्या विघटनातून हा वायू तयार होतो आणि भेगांतून घरात ओढला जातो. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचाच क्रमांक लागतो. हे कळलं कसं, ती हकिगत सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर काम करणारा स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर दारातल्या किरणोत्सर्ग-मापकाचा भोंगा रोज वाजवत होता. प्रकल्पात तेव्हा इंधनही आलेलं नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं की किरणोत्सर्ग तो घरून घेऊन येत होता. त्याच्या घरातली रेडॉनची पातळी सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति लिटर निघाली. आज उपाय करा असं सांगणारी मर्यादा ४ आहे.

ज्या रीडिंग प्राँग नावाच्या खडकपट्ट्यावर ते घर होतं, तो पुढे न्यू जर्सीतून न्यूयॉर्कपर्यंत जातो. हंटरडन, मर्सर, मॉनमथ, मॉरिस, सॉमरसेट, ससेक्स आणि वॉरन या काऊंट्या सर्वाधिक शक्यतेच्या गटात धरल्या आहेत. पण शेजाऱ्याच्या घरात आकडा कमी आला म्हणून तुमच्यात कमी असेल असं नाही. चाचणीचा संच स्वस्त मिळतो. दारं-खिडक्या बारा तास आधीपासून बंद ठेवायच्या आणि संच जमिनीपासून निदान वीस इंच वर, किमान दोन दिवस ठेवायचा. हिवाळ्यात करा, तेव्हा आकडा बहुधा चढा असतो.

आकडा ४ किंवा त्याहून जास्त आला तर जमिनीला भोक पाडून खालून नळी काढतात आणि पंख्याने तो वायू छपरावर सोडतात. हे काम न्यू जर्सीत राज्याच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र असलेल्यांकडूनच करून घ्या, आणि भिंती उभ्या करण्यापूर्वी. नंतर केलं तर ती चार इंची नळी तुमच्या नव्या खोलीच्या मधोमध येते.

कागद आणि माणसं

परमिट घ्या. "आतलंच काम आहे, कुणाला कळतंय" असं सांगणारे भेटतील. घर विकताना टाऊनशिपच्या नोंदीत अनफिनिश्ड बेसमेंट असतं, जाहिरातीत फिनिश्ड, आणि विकत घेणाऱ्याचा वकील नेमकं तेच विचारतो. मग झालेल्या भिंती फोडून तारा दाखवाव्या लागतात. बांधकाम, वीज, प्लंबिंग आणि अग्निसुरक्षा असे चार भाग असतात. नकाशा हाताने काढलेला चालतो, मात्र मापं नीट हवीत. अर्ज पूर्ण असेल तर कार्यालयाने २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

आपण राहतो त्या एक-कुटुंबी घरात मालकाला स्वतः वीज आणि प्लंबिंगचं काम करता येतं, परमिट घेऊन. आम्ही फ्रेमिंग, इन्सुलेशन आणि जमीन केली, आणि वीज परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दिली. कंत्राटदार नेमणार असाल तर त्याचा राज्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो '१३व्हीएच' या अक्षरांनी सुरू होतो. पाचशे डॉलरवरच्या कामाचा करार लेखी असलाच पाहिजे, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख हवी आणि विम्याच्या दाखल्याची प्रत सोबत हवी. आमच्या पहिल्या कंत्राटदाराकडून मी यातलं काहीच मागितलं नव्हतं. चार वर्षांनी फोन केला तेव्हा तो क्रमांक बंद होता.

कागदावर खोल्या मांडताना

काय काय हवं याची यादी करण्याआधी जे हलवता येत नाही ते नकाशावर टाका: फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, पाण्याचा मुख्य कॉक, सांडपाण्याच्या नळीची साफसफाईची तोंडं, सम्प आणि लोखंडी खांब. त्या खांबांवर अख्खं घर उभं आहे. ते झाकता येतात, काढता येत नाहीत. पॅनेलसमोर ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद जागा कायम मोकळी लागते, तिथे कपाट चालत नाही.

उंचीसाठी साधारण नियम सात फुटांचा आहे. तुळया आणि डक्टखाली सहा फूट चार इंचांपर्यंत सवलत मिळते. जुन्या घरांना टाऊनशिप आणखी काही सूट देऊ शकते. नकाशा घेऊन आधीच जाऊन विचारा.

बेडरूम करायची असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, आणि इथे तडजोड नको. आयडाच्या त्या रात्री क्वीन्समध्ये बेसमेंटमध्ये राहणारी माणसं घरातच बुडाली. पाण्याचा दाब दाराला एकदा लागला की ते माणसाच्या ताकदीने उघडत नाही. नियम असा: उघडलेल्या खिडकीची मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी निदान २० इंच, उंची निदान २४ इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको. २० बाय २४ची खिडकी घेतली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तिची मोकळी जागा भरते जेमतेम ३.३ चौरस फूट. रुंदी २४ ठेवली तर उंची सव्वाचौतीस इंच लागते. खिडकीबाहेर खणलेला खड्डा निदान नऊ चौरस फुटांचा हवा, ४४ इंचांहून खोल असेल तर त्याला कायमची शिडी हवी, आणि तळाला पाण्याचा निचरा हवा, नाही तर ती खिडकीच पाणी आत आणते. काँक्रीट कापण्याचं हे काम व्यावसायिकांना द्या.

आई-बाबांसाठी खाली खोली करणाऱ्यांना माझं स्पष्ट मत सांगतो. गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली ठेवू नका. रात्री बाथरूमला जाणं सोपं असलं तरी सकाळच्या चहाला तेरा पायऱ्या चढाव्याच लागतात. वरची एखादी खोली त्यांना द्या आणि मुलांना खाली हलवा. तरीही जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि वर-खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण कराच.

मासे तळायला खाली दुसरं स्वयंपाकघर हवं, ही आपल्याकडची नेहमीची मागणी. सिंक आणि छोटा फ्रिज बहुधा चालतो. शेगडी आली की अनेक टाऊनशिपमध्ये झोनिंगचा, म्हणजे जागेच्या वापराच्या नियमांचा, प्रश्न उभा राहतो, कारण ते वेगळं बिऱ्हाड ठरू शकतं. भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो अर्जाआधी बोला.

फर्नेसच्या खोलीला श्वास हवा

गावाकडे पेव उघडलं की आत माणूस उतरायच्या आधी कंदील सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. फर्नेसभोवती चार भिंती घालताना हीच काळजी घ्यायची असते. जुन्या पद्धतीचे फर्नेस आणि गॅसचे वॉटर हीटर खोलीतलीच हवा जाळतात. त्यांना तासाला लागणाऱ्या दर हजार बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) ५० घनफूट मोकळी जागा लागते. फर्नेस एक लाख आणि हीटर चाळीस हजार बीटीयूचा असेल तर ७,००० घनफूट झाले, म्हणजे सात फूट उंचीच्या जागेत हजार चौरस फूट. अख्खं बेसमेंटच! त्यांना आठ बाय दहाच्या खोलीत बंद केलं तर ज्वलन अपुरं होतं, धूर उलटा फिरतो आणि घरात कार्बन मोनॉक्साइड पसरतो.

उपाय दोन. हवेसाठी पुरेशा आकाराच्या जाळ्या किंवा पट्ट्यांचं दार ठेवायचं; त्यांचं माप फर्नेसवाल्याकडून काढून घ्या. किंवा बाहेरून स्वतंत्र नळीने हवा घेणारं नवं यंत्र बसवायचं. आमचा फर्नेस अठरा वर्षांचा होता, म्हणून आम्ही तो आधीच बदलला. दुरुस्तीवाल्याला पुढे उभं राहायला तीन फूट जागा ठेवा. नव्या खोल्यांत गरम-थंड हवेच्या जाळ्या काढताना हवा परत जायची वाटही करा. ती नसेल तर दार लावलेली खोली कुंद राहते.

भिंत: थरांचा क्रम

काँक्रीटला पहिला स्पर्श फोम बोर्डचाच झाला पाहिजे. दोन इंची एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम) घेतलं तर आर-१० मिळतं; 'आर' हे उष्णता अडवण्याचं माप. त्यातून दमट हवा जात नाही, त्यामुळे ती थंड काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. माझ्या पहिल्या भिंतीत नेमका हाच थर नव्हता.

भिंत ब्रशने घासून लोणा काढा. फोमसाठीचाच गोंद वापरा, दुसरे काही गोंद फोम विरघळवतात. तक्ते घट्ट बसवा, सगळ्या सांध्यांवर टेप लावा, वरच्या-खालच्या फटी फवारणीच्या फोमने बुजवा. छताजवळ, जिथे घराचं लाकूड काँक्रीटवर टेकतं, तिथल्या प्रत्येक कप्प्यात फोमचा तुकडा कापून बसवा आणि कडा बुजवा. हे कंटाळवाणं काम आहे. आमच्याकडे असे बेचाळीस कप्पे निघाले. पण हिवाळ्यातली पुष्कळ थंडी तिथूनच येते. फोम उघडा ठेवू नका, तो पेटतो आणि विषारी धूर सोडतो. त्याच्यावर निदान अर्धा इंची ड्रायवॉल यायलाच हवा.

फोमच्या पुढे दोन-बाय-चारच्या लाकडी दांड्यांची फ्रेम. जमिनीला लागणारी पट्टी प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या) लाकडाची, तिच्याखाली फोमची पातळ गादी, आणि काँक्रीटच्या स्क्रूने पक्की. भोक पाडताना मास्क लावा, काँक्रीटची धूळ फुफ्फुसात साचते. स्टड, म्हणजे फ्रेमचे उभे दांडे, १६ इंचांवर. बेसमेंटची जमीन कधीच सपाट नसते. आमच्या दोन कोपऱ्यांत पाऊण इंचाचा फरक होता. त्यामुळे भिंत जमिनीवर जोडून उभी करण्याऐवजी आम्ही आधी खालची पट्टी ठोकली, तिच्यावरून ओळंबा धरून वरच्या पट्टीची रेघ मारली आणि प्रत्येक स्टड जागेवर मोजून कापला. वेळ दुप्पट लागला, पण ड्रायवॉल बसवताना एकही कोपरा तिरका गेला नाही.

स्टडच्या मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घालता येतं. त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद लावू नका. "वरून प्लॅस्टिक मारलं की ओल येत नाही" हे आमच्या कंत्राटदाराचं वाक्य होतं. प्रत्यक्षात आत शिरलेली ओल त्या कागदामुळे अडकून पडते. फ्रेमिंगच्या वरच्या टोकाला आणि आडव्या दिशेने दर दहा फुटांवर आग अडवणारे आडोसे लागतात. त्यांच्याशिवाय भिंतीमागची पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढते. इन्स्पेक्टर हे हमखास बघतो.

तारा, नळ, आणि झाकण्यापूर्वीची तपासणी

भिंतीवर कुठेही उभं राहिलं तरी सहा फुटांच्या आत सॉकेट हवं, म्हणजे दोन सॉकेटमध्ये बारा फुटांहून जास्त अंतर नको. एएफसीआय (तारेत ठिणगी उडाली की वीज तोडणारं) आणि जीएफसीआय (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की ती तोडणारं) संरक्षण घ्या. डीप फ्रीजरला स्वतंत्र सर्किट द्या. गणपती कुठे बसणार ते आत्ताच ठरवा आणि त्या भिंतीवर दोन सॉकेट जास्तीचे काढा. जमिनीवरून पसरलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरीत लहान मुलांचे पाय अडकतात. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वरच्या मजल्याच्या अलार्मशी जोडलेले हवेत, खाली वाजला की वर ऐकू आला पाहिजे.

बाथरूम करताना आधी बघा की सांडपाण्याची नळी कुठून बाहेर जाते. ती जमिनीखालून जात असेल तर काँक्रीट फोडून जोडता येते. भिंतीच्या मध्यावरून जात असेल तर मैलापाणी वर चढवणारा पंप लागतो आणि खर्च बराच वाढतो. काही घरांत बिल्डरने बाथरूमच्या सांडपाण्याच्या नळ्यांची तीन तोंडं आधीच काढून ठेवलेली असतात, ती शोधा.

तारा आणि नळ झाल्यावर, काहीही झाकण्यापूर्वी, इन्स्पेक्टरला बोलवा. मग इन्सुलेशनची वेगळी तपासणी. त्यानंतर प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, मोजपट्टी लावून. तीन वर्षांनी टीव्ही लटकवताना मला त्या फोटोमुळे नळाची जागा इंचावर सापडली.

छत आणि जमीन

ड्रायवॉलचं छत देखणं दिसतं. तरी मी तक्त्यांचं लटकतं छत सुचवीन. वर सगळ्या घराचे नळ, कॉक आणि तारा आहेत, गळती झाली की एक तक्ता उचलून बघता येतं. उंची कमी असेल तर ड्रायवॉल करा आणि प्रत्येक कॉकखाली उघडणारं झाकण ठेवा. भिंतीचा ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, बेसबोर्ड ती फट झाकतो. वॉटर हीटर फुटला तर पाणी त्यातून वर शोषलं जात नाही.

जमिनीवर खरं लाकूड नको, ते फुगतं. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेटही नको. व्हिनाइलच्या पट्ट्या किंवा टाइल लावा, आणि वरून सुटा गालिचा, जो उचलून वाळवता येतो. जुन्या घरात नऊ इंची चौकोनी टाइल्स सापडल्या तर त्या खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाय गार पडू नयेत म्हणून आम्ही व्हिनाइलखाली खालून खोबणी असलेले तक्ते टाकले. जानेवारीत आई चपला न घालता बसते, एवढं ते उबदार झालं आहे.

शेवटची तपासणी झाली की टाऊनशिपचा दाखला घ्या आणि घराच्या कागदांत ठेवा. त्यानंतर दर मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या सुमाराला, सम्पमध्ये दोन बादल्या पाणी ओता. पंप आपोआप सुरू झाला का, पाणी बाहेर लांबवर पडतं का, ते जाऊन बघा. मग मुख्य पंपाचा प्लग काढा आणि बॅटरीच्या पंपासाठी आणखी दोन बादल्या.